चौदा डिग्रीची सरळ रेघ

"वास घ्या," कार्मेला म्हणाली आणि तिनं वाइनचा ग्लास थेट माझ्या नाकाखाली धरला.

मी मागं सरकलो. "मॅडम, मी घेत नाही."

"प्या असं कोण म्हणतंय? वास घ्या. नाक आहे ना?"

ईद होऊन तीन-चार दिवस झाले होते. आखातातल्या लुसैल शहरात, आमच्या हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर, इटालियन रेस्टॉरंटच्या मागं एक छोटी खोली आहे, तिथं आम्ही उभे होतो. खाली प्लांटरूममध्ये पंप उघडून माझी माणसं माझी वाट बघत होती. मी या हॉटेलचा असिस्टंट चीफ इंजिनिअर. एसी, पाणी, लिफ्ट, ड्रेनेज, जे जे बिघडतं ते माझ्या गळ्यात पडतं. पण वाइन बिघडली म्हणून बोलावणं येण्याची ही पहिलीच वेळ. सुटका व्हावी म्हणून मी नाक पुढं केलं, तेवढ्यात तिचा हात हलला आणि अर्धा ग्लास माझ्या शर्टावर सांडला. झालं! सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"काय वास आला?"

"गोडसर काहीतरी," मी रुमालानं शर्ट पुसत म्हणालो. "ओळखीचा वाटतोय, पण आठवत नाही. मी जाऊ का?"

"ही फियानो आहे, मिस्टर माने. व्हाइट वाइन. हिला लिंबाच्या सालीचा वास यायला पाहिजे. ओल्या दगडाचा यायला पाहिजे. आणि रंग बघा हिचा!"

रंग गुळाच्या पाण्यासारखा होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाईचे डोळे भरून आले होते, एवढं कळत होतं. मग मी पंपाचा विषय काढला नाही.

कार्मेला आमची सोमेलिए. म्हणजे कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन द्यायची हे ठरवणारी, ती निवडून मागवणारी आणि सांभाळणारी. इटलीच्या दक्षिणेला कंपानिया नावाचा भाग आहे, तिथली. व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी हिच्या घराच्या मागच्या दारातून दिसतो. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा हॉटेलच्या यादीत सगळ्या नावाजलेल्या फ्रेंच वाइन्स होत्या. ही हट्टाला पेटली की इटालियन रेस्टॉरंट आहे तर माझ्या भागातली वाइन ठेवा. जनरल मॅनेजरच्या मागं लागून, महिनोन् महिने डोकं खाऊन, तिनं तीनशे बाटल्या मागवल्या. सगळ्या लहान लहान शेतकऱ्यांच्या. जानेवारीत त्या गार कंटेनरमधून आल्या आणि या खोलीत फक्त त्याच लागल्या, फ्रेंच वाइन्स खालच्या बारमध्येच राहिल्या. तिनं स्वतः एकेक पेटी उघडून तपासली, चवी घेतल्या, सगळं ठणठणीत होतं.

मग रमजान लागला. इथं हॉटेलांना दारूचं लायसन्स असतं, पण रमजानच्या महिन्यात काही विकायचं नाही. बार बंद, वाइनची खोली बंद. आमच्याकडे सिक्युरिटीवाला दाराला नंबराचं सील लावतो, दोघांच्या सह्या होतात, आणि ते सील ईद होईपर्यंत कुणी तोडत नाही. यंदाही तसंच झालं. ईदच्या तिसऱ्या दिवशी कार्मेलानं सील तोडून दार उघडलं. खोली गार होती. बाटल्या जागच्या जागी होत्या. पण निम्म्याहून जास्त बाटल्यांची बुचं वर सरकलेली, वरचा पत्रा फुगलेला, आणि मानेवरून चिकट ओघळ वाळलेले.

"हे उष्णतेनं होतं," कार्मेला म्हणाली. "वाइन तापली की फुगते आणि बूच ढकलते. ही खोली तापली होती."

"खोली चौदा डिग्रीवर होती, मॅडम. कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड आहे."

"मग तुमचा कॉम्प्युटर खोटं बोलतोय."

आता मात्र माझं डोकं फिरलं. अहो, तीस वर्षं मी हे काम करतोय. माणूस खोटं बोलेल, सप्लायर तर नक्कीच बोलेल, पण मशीन कशाला खोटं बोलेल? मी तिला तसं तोंडावर सांगितलं आणि खाली पंपाकडे निघून गेलो.

दुपारी जनरल मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. मिस्टर फादी, लेबनॉनचे. माणूस गोड बोलून काम काढणारा. त्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. आमच्या रिजनल ऑफिसला रिपोर्ट हवा होता, वाइन कशामुळं खराब झाली याचा. त्यात माझ्यासाठी एकच वाक्य टाइप करून ठेवलं होतं. रमजानच्या संपूर्ण काळात खोलीचं तापमान चौदा डिग्री राखलं होतं. खाली माझं नाव आणि सहीची जागा. सोबत बीएमएसचा तक्ता जोडलेला. बीएमएस म्हणजे बिल्डिंगचा मुख्य कॉम्प्युटर. कुठली खोली किती गार, कुठला पंप चालू, कुठला बंद, हे सगळं त्याच्यावर दिसतं. तक्त्यात रोजची सरासरी होती. पहिला दिवस जरासा वर, बाकी सगळे दिवस चौदा.

"म्हणजे खोली ठीक, माल वाईट," फादी म्हणाले. "लहान शेतकऱ्यांकडून घेतलं की असंच होणार. मी तिला सांगितलं होतं."

"मग तिचं काय होणार?"

"तिचं कॉन्ट्रॅक्ट या महिनाअखेर संपतंय. रिजनल ऑफिस रिन्यू करणार नाही. मी काय करू?" त्यांनी खांदे उडवले. "यल्ला, चला, मिस्टर माने, सही करा, खलास."

बाहेरच्या माणसाला कल्पना यायची नाही, म्हणून सांगतो. इथं कॉन्ट्रॅक्ट गेलं की नुसती नोकरी जात नाही. व्हिसा जातो, कंपनीनं दिलेलं घर जातं, पोरांची शाळा सुटते. कार्मेला एकटी बाई, दहा वर्षांचा मुलगा इथल्या शाळेत. आणि 'खराब माल घेतला' असा शेरा घेऊन परत गेली तर तिला दुसरीकडे कोण घेणार?

पण खरं सांगू? त्या क्षणी मला तिची दया आली नाही, राग आला होता. माझ्या खोलीला नावं ठेवते म्हणजे काय! मी सही करणारच होतो. पेन खिशातून निघालं नाही, कारण ते वाइनमध्ये भिजलेल्या खिशाला चिकटलं होतं. फादींना म्हणालो, शर्ट बदलतो, उद्या सकाळी सही करून देतो.

संध्याकाळी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घरी आलो. दार उघडल्या उघडल्या बायकोनं नाक वर केलं. वृषाली माझ्यासारखीच तासगावची, नाक असलं तिखट की शेजारच्या फ्लॅटमधली आमटी लागली तरी हिला आधी कळतं.

"अहो, कुठं जाऊन आलात?"

"कामावर. का?"

"शर्टाला बेदाण्याचा वास येतोय. शेडमध्ये जाऊन आल्यासारखा."

मी दारातच थांबलो. आतून मुलगी ओरडली, "आई, क्लोज द डोअर, द एसी इज ऑन!" तरी मी तिथंच उभा.

बेदाणा! सकाळपासून मला जो वास आठवत नव्हता तो हाच. तासगाव म्हणजे द्राक्षांचं आणि बेदाण्याचं गाव. आमच्या थोरल्या काकांची बेदाण्याची शेड होती. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची आणि आठ-दहा-बारा दिवस वाळवायची. सुट्टीत आम्ही पोरं त्या शेडमध्ये पडीक असायचो. कधी ऊन फार झालं, शेडमधली हवा कोंडली, की माल तांबडा पडायचा आणि असा गोड, करपट, जड वास सुटायचा. काका शिव्या देत पडदे उघडायला धावायचे. द्राक्ष गारव्यात कितीही दिवस ठेवा, हा वास येत नाही. हा वास उष्णतेचाच.

वृषालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग चौदा डिग्री कशी?"

"तेच तर!"

"अहो, मग सही कशी करताय? आधी बघा तरी."

मला तिचाही राग आला. सगळ्या बायका एकाच दिवशी माझ्या मशीनच्या मागं लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे मी बीएमएसवर त्या खोलीचा पूर्ण ट्रेंड उघडला. ट्रेंड म्हणजे मिनिटामिनिटाच्या तापमानाची रेघ. तक्त्यात नुसती सरासरी असते, ट्रेंडमध्ये सगळं उघडं पडतं. त्यातही एक गंमत. कॉम्प्युटरवर ती वाइनची खोली नाहीच. बिल्डिंग बांधताना ड्रॉइंगवर कुणीतरी वाइनचं नाव टाळून अदबीनं 'स्टोअर-३' असं लिहून ठेवलंय, तेच नाव आजपर्यंत चालू. नवीन माणसाला वाटावं की आत टिश्यू पेपरची खोकी असतील.

रेघ बघितली आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

गार खोलीची रेघ कधीच सरळ नसते. गार हवा येते, खोली साडेतेरावर जाते, एसीच्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होतो, मग हळूहळू साडेचौदापर्यंत चढते, पुन्हा व्हॉल्व्ह उघडतो. रेघ सारखी वरखाली होत राहते. रमजानच्या आधीची रेघ तशीच होती. रमजानच्या पहिल्या दिवशी सकाळी सहाला ती चढायला लागली. सोळा, अठरा, वीस. आणि अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी विसावरून धाडकन चौदावर. एका मिनिटात! सहा डिग्री एका मिनिटात उतरणारी खोली मी आजवर बघितलेली नाही. तिथून पुढं अख्खा महिना चौदा पूर्णांक शून्य. पट्टी लावून ओढल्यासारखी रेघ. आणि ईदच्या सकाळी पुन्हा एका मिनिटात चौदावरून बत्तीस. मग मात्र खरोखरचा उतार, तासातासानं, रात्रीपर्यंत चौदा.

बत्तीस. वाइनच्या खोलीत बत्तीस डिग्री!

आता मला सगळं कळलं. कुणीतरी ओव्हरराइड टाकला होता. ओव्हरराइड म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, सेन्सर काय म्हणतो ते ऐकू नकोस, मी देतो तो आकडा खरा धर. सेन्सर खराब असेल, बदलायचा असेल, तेव्हा ते तात्पुरतं करतात. इथं कुणीतरी त्याला चौदा हा आकडा देऊन ठेवला. आणि रमजानसाठी रेस्टॉरंटच्या सगळ्या भागाला वीज वाचवायचं वेळापत्रक लावलेलं होतं, त्यात खोल्या अठ्ठावीसपर्यंत गेल्या तरी चालतील असं होतं. कॉम्प्युटर बिचारा विचार करणार, अठ्ठावीस चालतंय आणि खोली तर चौदावर आहे, मग गार पाणी कशाला सोडू? त्यानं व्हॉल्व्ह घट्ट मिटला. खोलीच्या एका भिंतीला किचन. महिनाभर ती भिंत आतली हवा शिजवत होती आणि कॉम्प्युटर चौदा, चौदा म्हणत जप करत बसला होता. ईदला वेळापत्रक उठलं, त्याबरोबर ओव्हरराइडही निघाला, तेव्हा कुठं खरा आकडा बाहेर आला.

मी जिन्यानं खाली निघालो, लिफ्टचीसुद्धा वाट बघितली नाही. बीएमएसच्या खोलीत सकाळच्या ड्यूटीला दत्ता भोसले असतो. माणदेशातला माणूस, पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा, बायकापोरं गावाकडे. आधी इलेक्ट्रिशियन होता, मीच त्याला शिकवून या खुर्चीवर बसवला. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मी त्याच्यासाठी एकेक शब्द ठरवत होतो, त्यातले बरेचसे इथं लिहिण्यासारखे नाहीत.

"दत्ता! स्टोअर-३ ला ओव्हरराइड कुणी टाकला?"

"म्याच टाकला की, साहेब."

एवढ्या सहज म्हणाला की माझा पारा आणखी चढला. "अरे, अक्कल गहाण टाकलीस का? अलार्म आला तर तो बंद करायचा, का खोलीत जाऊन बघायचं? एका बाईची नोकरी जायला लागलीय तुझ्यापायी!"

दत्तानं टेबलाच्या खणातून ड्यूटीचं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि माझ्यापुढं धरलं. वहीत जे जे घडेल ते वेळ टाकून लिहायचं, हा नियम माझाच. त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. अकरा चाळीस, स्टोअर-३ हाय टेंपरेचर अलार्म. माने सरांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून ओव्हरराइड चौदा. अलार्म क्लिअर.

"म्या फोन केल्ता, साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमी बाजारात हुता. म्या इचारलं, खोली सील हाय, तोडून बघू का? तर तुमी म्हनला, सील केलेल्या खोलीत आत कोन बसलंय घाम पुसायला? टाक ओव्हरराइड."

मला फरीज बिन ओमरान भागातलं ते भाजीचं दुकान जसंच्या तसं आठवलं. रमजानच्या पहिल्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी टाकून मी सामान आणायला गेलो होतो. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात फोन. गवार कोवळी आहे का निबर, ते बघत होतो. सकाळपासून दत्ताचा हा चौथा फोन, म्हणून वैतागलो होतो. आणि हो, बोललो होतो. अगदी त्याच शब्दांत बोललो होतो. बोलून हसलोही होतो.

आणि ते वीज वाचवायचं वेळापत्रक? तेही मीच बनवलं होतं. यादीत स्टोअर-१, स्टोअर-२, स्टोअर-३, सगळ्यांवर एकदम टिक मारली. त्याबद्दल फादींचा शाबासकीचा ईमेल आला होता. तो मी वृषालीला वाचूनही दाखवला होता.

मी समोरच्या स्टुलावर बसलो. दत्तानं पाण्याची बाटली दिली, एसी वाढवला. मग रजिस्टर पुन्हा हातात घेतलं.

"साहेब," तो म्हणाला, "पान फाडू का? कुनाला काय कळतंय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो मनापासून विचारत होता. त्याला माझ्याकडून काही नको होतं, मला वाचवायचं होतं. आणि मी, तुम्हाला खोटं कशाला सांगू, दोन-तीन सेकंद विचार केला. चीफ इंजिनिअर जूनमध्ये रिटायर होणार होता. ती जागा मला मिळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मुलीचं बारावीचं वर्ष. एक पान, बस. शाईसुद्धा फिकी झाली होती.

"फाडलंस तर तंगडी मोडीन," मी म्हणालो. "दे इकडं ते रजिस्टर."

फादींच्या केबिनमध्ये कार्मेला आधीच येऊन बसली होती. समोर तिनं दोन बाटल्या ठेवल्या होत्या, एक फियानो आणि एक लाल. ती फादींना समजावत होती आणि फादी मोबाइल बघत होते.

"या, मिस्टर माने," फादी म्हणाले. "सही करा म्हणजे मॅडमना समजेल."

मी ट्रेंडचा प्रिंट आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. वेळापत्रक कुणी केलं, फोन कुणी घेतला, काय बोललो. 'आत कोण बसलंय घाम पुसायला' हेसुद्धा इंग्रजीत करून सांगितलं. इंग्रजीत ते आणखीच मूर्खपणाचं वाटलं.

फादींचा चेहरा उतरला. "एक मिनिट. म्हणजे तुम्ही रिपोर्टमध्ये काय लिहिणार? इंजिनिअरिंगची चूक?"

"माझी चूक. खोलीचं तापमान बत्तीसपर्यंत गेलं होतं. माल चांगला होता."

"तुम्हाला कळतंय का याचा अर्थ? फाइलला वॉर्निंग लागेल. जूनमधलं विसरा."

"कळतंय."

"ऑपरेटरवर टाका ना! ओव्हरराइड त्यानं टाकला."

"मी सांगितलं म्हणून टाकला. त्यानं तर सील तोडून बघू का म्हणून विचारलं होतं."

फादींनी कपाळाला हात लावला. मला वाटलं होतं, आता कार्मेला निदान थँक्यू म्हणेल. कसलं काय! ती उठून उभी राहिली आणि तिनं माझ्यावर तोफ डागली.

"आत कोण बसलंय? आत माझ्या काकांची वाइन बसली होती! तुम्हाला माहितेय ही कुठून आली?" तिनं लाल बाटली उचलून माझ्यासमोर आपटली. "पिएदिरोसो. त्याचा अर्थ लाल पाय. द्राक्षाचा देठ कबुतराच्या पायासारखा लाल असतो म्हणून. व्हेसुव्हियसच्या उतारावर, काळ्या राखेत वाढते ही. सगळ्या युरोपात द्राक्षाच्या मुळांना कीड लागली, वेली मेल्या, लोकांना दुसऱ्या खुंटावर कलमं करावी लागली. आमच्या राखेत ती कीड जगली नाही. या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. ज्वालामुखी मारू शकला नाही त्यांना, आणि तुम्ही एका फोनवर मारलंत!"

तासगावात आम्हीसुद्धा डॉगरिज नावाच्या रानवेलीच्या खुंटावर कलमं करतो. स्वतःच्या मुळावर द्राक्षाची बाग उभी ठेवणं म्हणजे काय, ते मला तिनं शिकवायची गरज नव्हती. आमची काळी माती तरी कुठून आली? तीही कधीकाळी ज्वालामुखीतूनच. द्राक्षाच्या गावात वाढलेला मी, आणि कॉम्प्युटरवर 'स्टोअर' दिसलं म्हणून आत द्राक्ष आहे हे मला सुचलं नाही. त्याची मला जी लाज वाटली, ती वॉर्निंगच्या पत्राची वाटली नाही.

"सॉरी, मॅडम," मी म्हणालो.

रिपोर्ट गेला, सही माझी. पुढच्या आठवड्यात माझ्या फाइलला वॉर्निंग लागली. कार्मेलाचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांसाठी रिन्यू झालं. जूनमध्ये चीफ इंजिनिअर म्हणून बाहेरून एक माणूस आला, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. चांगला आहे. मला सर म्हणतो, त्यामुळं जास्तच त्रास होतो.

वाइन नष्ट करायचा दिवसही माझ्याच वाट्याला आला. दारू फेकायची तर सिक्युरिटीसमोर, एकेक बाटली मोजून, सिंकमध्ये ओतायची आणि साक्षीला इंजिनिअरिंगचा माणूस पाहिजे, कारण ड्रेनेज आमचं. कधी थेंब न चाखलेला माणूस अख्खा दिवस वाइन ओतली जाताना बघत उभा. कार्मेला प्रत्येक बाटली उघडायची, वास घ्यायची, एक घोट तोंडात घेऊन थुंकायची आणि नाव मोठ्यानं घ्यायची. फियानो, गेली. पिएदिरोसो, गेली. सगळ्या खोलीत बेदाण्याची शेड उभी राहिली होती. शेवटी तौराझी नावाच्या लाल वाइनच्या चार पेट्या राहिल्या, डोंगराळ भागातली, जाड सालीच्या अल्यानिको द्राक्षाची. ती तिनं दोनदा चाखली. मग थुंकली नाही, गिळली.

"दमलीय," ती म्हणाली, "पण जिवंत आहे."

तिचं म्हणणं, ही ज्वालामुखीच्या मातीची ताकद. माझं म्हणणं, त्या पेट्या खाली फरशीवर होत्या, किचनच्या भिंतीपासून लांब, म्हणून वाचल्या. या एका मुद्द्यावर आमचं अजून जमत नाही. लाल पायाची एक बाटली मात्र तिनं ओतली नाही, बाजूला काढून ठेवली. सिक्युरिटीवाला नाही म्हणत होता. मी त्याला म्हणालो, राहू दे, माझ्या नावावर लिही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. स्टोअर-३ चं नाव कॉम्प्युटरवर बदललं आणि कुठल्याही ओव्हरराइडला माझी लेखी सही लागेल असा नियम केला. दत्ताला सांगितलं की मी फोनवर काहीही बोललो, तरी माझं ऐकायचं नाही. तो म्हणाला, "बरं, साहेब." आता तो दिवसातून सहा कागद सहीला आणतो. जेवताना आणतो, मीटिंगमध्ये आणतो. वैताग आलाय, पण तोंड उघडायची सोय नाही.

वर्ष गेलं, पुन्हा रमजान आला. खोली सील करायच्या दिवशी कार्मेलानं मला बोलावणं पाठवलं. इंजिनिअरिंगनं समक्ष हजर राहावं, असं लेखी. मी गेलो. सिक्युरिटीवाला सील घेऊन दारात उभा होता. आत नवीन बाटल्या लागल्या होत्या, पुन्हा कंपानियाच्याच, पुन्हा लहान शेतकऱ्यांच्या. आणि मधोमध स्टाफ कँटीनमधली एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर ती वर्षभर जपून ठेवलेली, बूच वर आलेली पिएदिरोसोची बाटली.

"मिस्टर माने," कार्मेला गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "यंदा फोन आला तर लक्षात ठेवा. आत कोणीतरी बसलंय."

मी थर्मामीटर काढून खोलीचं तापमान स्वतः मोजलं, तेरा पूर्णांक आठ. वहीत लिहिलं, सही केली. मग दार बंद झालं, सील लागलं. तो सगळा महिना मी रोज सकाळी चहाच्या आधी ती रेघ उघडून बघितली. वाकडीतिकडी होती. वाकडीतिकडीच असली पाहिजे.